फुगवट्याचे पाणी

कोयना धरणामागच्या पाण्यासमोर उभा असलेला माणूस त्या पाण्याला कोणत्या शब्दाने संबोधतो, यावरून तो कोठून आला असावा याचा अंदाज बहुधा बांधता येतो. पुण्या-मुंबईहून आलेला 'लेक' म्हणतो, नाहीतर 'बॅकवॉटर'. शासकीय फलकावर 'शिवसागर जलाशय' असे लिहिलेले असते. पाटबंधारे खात्यात नोकरी केलेला माणूस 'फुगवटा' म्हणतो. बामणोलीचा किंवा तापोळ्याचा रहिवासी मात्र सरळ 'धरण' म्हणतो. वास्तविक धरणाची भिंत तेथून कितीतरी दूर, दक्षिणेला हेळवाकजवळ कोयनानगरला आहे; ती त्याच्या रोजच्या नजरेस पडत नाही. तरीही 'पोरांना धरणात उतरू देऊ नका', 'यंदा धरण लवकर उतरलं' अशीच वाक्ये त्याच्या तोंडी येतात. आणि फार वयस्कर माणसे, विशेषतः बायका, अजूनही 'नदी' म्हणतात. 'लेक दिलीय नदीपल्याड' असे एका आजींनी आम्हांला सांगितले, तेव्हा समोर नदी नव्हती. रुंद, स्थिर, हिरवट पाणी होते. पण त्यांचे व्याकरण पाणी अडवण्याच्या आधीचे होते.

'सरोवर' हा शब्द आम्ही तेथे कोणाच्याही तोंडून ऐकलेला नाही. तो फक्त माहितीपत्रकांत भेटतो, आणि तेथे त्याच्या शेजारी 'मिनी काश्मीर' असते.

आम्ही तिघे एका ग्रामीण महाविद्यालयात मराठी शिकवतो. गेली बारा-तेरा वर्षे पहिल्या सत्राची परीक्षा संपली, की वीस-पंचवीस विद्यार्थ्यांना घेऊन सातारा-कास-बामणोली या रस्त्याने दोन दिवस या पाण्यावर जातो. वेळापत्रकात याला 'शैक्षणिक सहल' असे नाव असले, तरी त्यात शैक्षणिक असे आम्ही फारसे काही योजत नाही. बोटीत बसायचे, वासोट्यावर चढायचे, काठाकाठाने हिंडायचे, पाय पाण्यात सोडून बसायचे आणि रात्री पिठले-भाकरी खाऊन झोपायचे, एवढाच कार्यक्रम. तरी भाषा शिकवणाऱ्यांना शब्द मोजायची खोड असतेच, आणि या पाण्यावर शब्द फार आहेत.

मराठी साहित्यात नदी भरपूर आहे. काकासाहेब कालेलकरांनी 'लोकमाता' लिहून नद्यांचे एक दालनच उघडले, आणि कवितेतल्या नद्या तर मोजायच्याही नाहीत. डोंगर आहे, समुद्र आहे, पाऊस आहे. सरोवर जवळजवळ नाही. याचे कारण प्रतिभेत शोधण्याआधी भूगोलात शोधावे हे बरे. दख्खनच्या काळ्या दगडावर निसर्गतः मोठी सरोवरे सहसा तयार होत नाहीत. लोणार आहे, पण ते उल्कापाताने पडलेले विवर. तो अपवाद आकाशातून आलेला आहे. महाराष्ट्रात मोठे साठलेले पाणी दिसले, की ते कोणीतरी अडवलेले आहे असे समजून चालायला हरकत नाही.

पण अडवण्या-अडवण्यात फरक असतो. भंडारा-गोंदिया भागात कोहळी समाजाने पिढ्यान् पिढ्या तलाव बांधले. त्यांना 'माजी मालगुजारी' या सरकारी नावाची आद्याक्षरे घेऊन लोक 'मामा तलाव' म्हणतात. (नात्यातला मामा येथे कोणी नाही, तरी शब्द नात्याचाच वाटतो.) त्या पाण्याला साहित्यही लाभले. मारुती चितमपल्लींच्या लेखनातले नवेगावबांध हे मराठीतले बहुधा सर्वांत भरघोस सरोवर असेल. त्यात पक्षी आहेत, मासे आहेत, मासे धरणारी माणसे आहेत आणि पाण्याशी संबंधित बोलीचे शब्द आहेत. ते पाणी ज्या गावाने बांधले, त्याच गावाच्या शेताला ते मिळाले. पश्चिम घाटातल्या विसाव्या शतकातल्या जलाशयांची गोष्ट निराळी. तेथे पाणी अडवणारा एक, पाण्याखाली जाणारा दुसरा आणि पाणी वापरणारा तिसरा. अशा पाण्यावर मराठीत जे लिहिले गेले ते बहुतेक विस्थापनाचे. विश्वास पाटलांची 1991 ची 'झाडाझडती' ही त्यातली सर्वांत वाचली गेलेली कादंबरी. ती आम्ही वर्गात शिकवली आहे. ती वाचताना विद्यार्थी हळहळतात, आणि नोव्हेंबरात त्याच वर्गातले विद्यार्थी बोटीच्या टोकावर उभे राहून फोटो काढतात. यात त्यांचे काही चुकते असे आम्हांला वाटत नाही. कादंबरीतले धरण आणि बोटीखालचे पाणी ही दोन वेगळ्या शब्दांची, म्हणून दोन वेगळ्या जगांची गोष्ट होऊन बसली आहे, एवढेच.

आता थोडे पाण्याविषयी. कोयना महाबळेश्वरला उगम पावते आणि सह्याद्रीच्या कण्याला समांतर दक्षिणेकडे वाहते. हेळवाकपाशी ती काटकोनात पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. त्या वळणाच्या जरा वर 103 मीटर उंचीची भिंत घातली गेली. पन्नाशीच्या दशकात काम सुरू झाले, साठीच्या दशकाच्या आरंभी पाणी साठू लागले. आज या जलाशयाची क्षमता सुमारे 105 टीएमसी, म्हणजे 105 अब्ज घनफूट आहे, आणि लांबी सुमारे 50 किलोमीटर. शंभराच्या आसपास गावे यात गेली. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे झालेला भूकंप वयस्करांच्या बोलण्यात अजून येतो, आणि जलाशयामुळे होणाऱ्या भूकंपाचे उदाहरण म्हणून जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांतही कोयनेचे नाव येते.

आम्हांला मात्र दरवेळी नवल वाटते ते पाण्याच्या दिशेचे. वासोट्याच्या बाबू कड्यावर उभे राहिले, की पश्चिमेला कोकणाची खोली दिसते आणि मागे वळले की झाडीच्या फटींतून पूर्वेचे पाणी. मूळचे हे पाणी पूर्वेचे. त्याने कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जायचे. परंतु वीज हवी, तर ते घाटावरून कोकणात पाडले पाहिजे. म्हणून याच डोंगररांगेच्या पोटातून, दक्षिणेला, बोगदे खणून ते पोफळीकडे उतरवले जाते आणि वाशिष्ठीवाटे अरबी समुद्रात जाते. कृष्णा लवादाने वर्षाला 67.5 टीएमसी पाणी असे पश्चिमेला वळवण्याची मुभा दिली. म्हणजे निम्म्याहून अधिक नदी उलट्या दिशेला वाहते. लवादाचे पाण्याचे वर्षही जानेवारीत नव्हे, 1 जूनला सुरू होते. जूनपासून साठवायचे, मेअखेर खर्चून संपवायचे. ही सगळी माहिती आम्ही विद्यार्थ्यांना कड्यावर बसून सांगतो. ती त्यांना कंटाळवाणी वाटेल अशी आमची अपेक्षा असते, पण 'नदी उलटी वाहते' या वाक्यावर मागच्या बाकावरचेही मान वर करतात.

या जमाखर्चामुळे येथल्या काठाला जागा नसते. खऱ्या सरोवराला काठ असतो. तेथे झाडे पाण्यावर वाकतात, दगडावर शेवाळ चढते, वेत उगवतो. फुगवट्याला काठ नसतो, पातळी असते. सप्टेंबरात पाणी झाडांच्या मुळांशी असते, जानेवारीत तांबड्या मातीचा एक पट्टा उघडा पडतो, आणि मेमध्ये तो पट्टा इतका रुंद होतो की ऑक्टोबरात ज्या जागी तंबू पाण्याशेजारी होता, तेथून पाण्यापर्यंत चालत जायला दम लागतो. उघड्या पडलेल्या गाळावर पूर्वी ज्यांची जमीन होती तीच माणसे, किंवा त्यांचे भाऊबंद, कोठे कोठे पीक घेतात. त्याला 'गाळपेर' म्हणतात. मराठीतला हा एक फार चांगला शब्द आहे, आणि तो कोणत्याही प्रवासवर्णनात आम्हांला आढळला नाही, कारण प्रवासवर्णन लिहिणारा येतो तेव्हा पाणी भरलेले असते.

पोहण्याचे म्हणाल, तर येथे ते जपूनच करावे लागते. दरी बुडून झालेले पाणी आहे. त्याचा तळ म्हणजे डोंगराचा उतार. चार पावले गुडघाभर आणि पाचव्या पावलाला ठाव नाही, असे होते. आम्ही जाकिटे घातल्याशिवाय कोणालाही उतरू देत नाही. यावरून विद्यार्थी हसतात, कारण त्यांच्यातले पुष्कळजण विहिरीत पोहायला शिकलेले असतात. गेल्या खेपेस रात्री जेवणानंतर आम्ही पोहण्याचे शब्द गोळा करायला बसलो: सूर, मुटका, पाठीला बांधायचा भोपळा, पांगाऱ्याचा ओंडका. यादी बऱ्यापैकी लांबली. मग पाण्यावरच्या खेळांचे शब्द काढू म्हटले, तर बोटिंग, कयाकिंग, कॅम्पिंग, राफ्टिंग, जेट स्की. एकही मराठी नाही. विहिरीचे शब्द आपले आणि फुगवट्याचे शब्द परके. एका विद्यार्थिनीने 'तराफा' सुचवला. तो मराठी आहेच, पण तो खेळाचा नाही. बामणोलीच्या बाजूने पलीकडच्या गावांना जीप, मोटारसायकली, सिमेंटची पोती आणि आजारी माणसे ज्यावरून नेतात, तो तराफा.

मराठी माणसाचे मोकळ्या हवेतले हिंडणे मुख्यतः गडावरचे. गोनीदांपासून आजच्या गिर्यारोहक मंडळांपर्यंत ही परंपरा सलग आहे, आणि तिने आपल्याला एक नजरही दिली आहे: वर पाहायची, इतिहास शोधायची. वासोट्याला जाणाऱ्यांच्या लेखी पाणी म्हणजे गडाच्या पायथ्याला पोचण्याची दीड तासाची अडचण. 1660 मध्ये गड स्वराज्यात आला, त्याला व्याघ्रगड नाव मिळाले, 1818 मध्ये इंग्रजांनी समोरच्या जुन्या वासोट्यावरून तोफा डागून तो घेतला. हे सर्व बोटीतल्या कोणालाही विचारा, येते. बोट ज्या गावांवरून चालली आहे त्यांपैकी एकाचे नाव विचारा, येत नाही. सतराव्या शतकाचा इतिहास पाठ आणि विसाव्याचा पाण्याखाली, अशी आपल्या इतिहासप्रेमाची अवस्था आहे. पायथ्याचे मेट इंदवली हेही एक उठून गेलेले गाव. आज तेथे वनखात्याची चौकी आहे. चौकीवर पिशव्या उघडून प्लास्टिकच्या वस्तू मोजतात आणि परतताना तेवढ्याच दाखवाव्या लागतात. अंधार पडायच्या आत खाली यावे लागते, मुक्काम करता येत नाही. 1985 पासून हे कोयना अभयारण्य, आणि 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग. ही मोजणी आम्हांला आवडते. माणसाने वनात काय नेले आणि काय परत आणले याचा हिशेब कोणीतरी विचारतो, ही महाराष्ट्रातल्या पर्यटनस्थळी दुर्मीळ गोष्ट होय.

गावांच्या नावांचा विषय निघाला आहे, तर गेल्या खेपेची एक हकिकत सांगितली पाहिजे. वासोट्याहून परतताना एका बोटीत आमच्याबरोबर द्वितीय वर्षाचा एक मुलगा होता. घर रायगड जिल्ह्यात. शिक्षणासाठी आमच्या भागात मामांकडे राहतो. नावाडी साठीचा असावा. पोरे गाणी म्हणून दमली होती. तेव्हा त्याने सहज विचारायला सुरुवात केली.

"गाव कंचं तुझं?"

"रायगडात, काका."

"त्ये झालं आत्ताचं. मूळ?"

मुलाने एक नाव सांगितले. ते आम्ही त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होतो. प्रवेश अर्जावर मूळ गावासाठी रकाना नसतो. नावाड्याने बोट थांबवली नाही की पाण्यावरची नजर काढली नाही. आमच्यातल्या बाईंनी 'ते गाव कोठे होते' असे विचारले, तेव्हा त्याने हनुवटीने डावीकडे दाखवले, आणि मग मुलाला म्हणाला, "देव नेला का हितंच ऱ्हायला?"

मुलाला ठाऊक नव्हते. "घरी विचारून सांगतो काका," एवढेच तो म्हणाला. बोटीत मोबाइलला रेंज नव्हती.

तो प्रश्न आमच्या डोक्यातून जाईना. नुकसानभरपाई किती मिळाली, जमीन कशी निघाली, पाणी होते का, असे प्रश्न आम्ही विचारले असते. कादंबऱ्या वाचून आम्हांला तेच सुचतात. नावाड्याला देवाचे सुचले. गाव उठले की नाही, हे त्याच्या हिशेबी देव उठला की नाही यावर ठरत होते. दोन दिवसांनी मुलाने वडिलांकडून उत्तर आणले. मूर्ती आणि मुखवटे ट्रकमधून नव्या गावी नेले, तेथे देऊळ बांधले, यात्राही भरते. पण मुख्य देव म्हणजे जमिनीतून वर आलेला तांदळा. तो निघेना, म्हणून तेथेच राहिला; नव्या देवळात त्याच्या जागी दुसरा दगड बसवला. आम्ही हे नावाड्याला फोन करून कळवले. त्याला नवल वाटले नाही. ज्या वर्षी पाणी फार उतरते त्या वर्षी मेअखेरीस त्या बाजूला जोत्याचे दगड दिसतात, आणि मधोमध एक शेंदराचा डाग नसलेला शेंदऱ्या धोंडा असतो, असे तो म्हणाला.

या प्रसंगानंतर आमच्यात जो वाद सुरू झाला तो अजून मिटलेला नाही. आमच्यातल्या एकांचे म्हणणे असे, की ज्या पाण्याखाली देव राहिला त्या पाण्यावर सहली नेणे हेच मुळात अप्रशस्त. आरडाओरडा, गाणी, जेट स्की यांना तेथे जागा नाही. जायचे तर एकट्याने, गप्प राहून जावे. बाईंना हे मत मान्य नाही. त्यांनी वर्डस्वर्थचे उदाहरण काढले, आणि आमच्या मते ते चपखल आहे. इंग्लंडच्या सरोवर-प्रदेशाची वाटाड्या-पुस्तिका लिहून ज्याने लोकांना तेथे यायची गोडी लावली, त्याच कवीने 1844 मध्ये केंडल-विंडरमिअर रेल्वेला कडाडून विरोध केला. गिरण्यांतली माणसे झुंडीने आली तर शांतता नासेल हे एक कारण. दुसरे असे, की अशा सौंदर्याचा आस्वाद घ्यायला मन आधी घडावे लागते, ते या माणसांचे घडलेले नाही. रेल्वे अर्थातच झाली, 1847 मध्ये. पुढे त्याच प्रदेशातल्या थर्लमिअरला बांध घालून 1894 पासून मँचेस्टरला पाणी नेले गेले, आणि तेथेही वस्त्या बुडाल्या. म्हणजे कवीने ज्या गर्दीची धास्ती घेतली ती रेल्वेने आली, आणि ज्याची त्याला कल्पना नव्हती ते संकट नळाने आले. बाईंचा मुद्दा असा, की 'रसिकांनीच यावे' हा वर्डस्वर्थचा सूर आपल्याही तोंडी सहज येतो. आमचे विद्यार्थी शेतमजुरांची, छोट्या दुकानदारांची मुले आहेत; त्यांतल्या कित्येकांनी एवढे पाणी आयुष्यात प्रथमच पाहिलेले असते. त्यांनी ओरडायचे नाही, तर कोणी ओरडायचे?

तिसऱ्यांचे मत व्यवहाराचे. बामणोली-तापोळ्याचे बोट क्लब गावकऱ्यांचेच आहेत. बोट माणशी नव्हे, अख्खी भाड्याने मिळते, क्रमाने मिळते, आणि तिच्यावर घरे चालतात. जमीन बुडाल्यावर राहिलेल्यांनी पाण्यातून काढलेली ही दुसरी गाळपेरच आहे. सहली थांबवणे म्हणजे तेवढेही पीक बुडवणे.

हा वाद आम्ही घरगुती ठेवला असता. पण पाण्याभोवतीची परिस्थिती तशी राहिलेली नाही. मार्च 2024 मध्ये जावळी तालुक्यातल्या मुनावळ्याला मोठे जलपर्यटन केंद्र सुरू झाले. त्याच वर्षी महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने सातारा जिल्ह्यातल्या 235 गावांसाठी 'नवीन महाबळेश्वर' या गिरिस्थान प्रकल्पाचा प्रारूप आराखडा पुढे आणला. दुसरीकडे कोयनेचे धरणग्रस्त पुनर्वसनाची अर्धी राहिलेली कामे पुरी व्हावीत म्हणून डॉ. भारत पाटणकरांच्या श्रमिक मुक्ती दलाबरोबर 2018 मध्ये कोयनानगरला आंदोलनास बसले होते. पाणी साठून तेव्हा अर्धशतक उलटून गेले होते. एका बाजूला जुने गाव नीट वसण्याआधी दुसऱ्या बाजूला नवे महाबळेश्वर वसणार, असा हा काळाचा क्रम आहे.

आराखड्यावर नागरिकांनी हरकती आणि सूचना पाठवायच्या असतात. आम्हीही पाठवावी असे ठरले, आणि तीन संध्याकाळी बसून एक पानही पुरे झाले नाही. भांडण धोरणावर झालेच नाही, ते पहिल्याच वाक्यावर अडले. 'शिवसागर जलाशयाच्या निसर्गरम्य परिसरात' असे एकाने लिहिले. 'निसर्गरम्य' खोडावे, कारण येथे निसर्गाने रमवलेले काही नाही, हे पाणी 103 मीटरच्या भिंतीने रमवलेले आहे, असे दुसऱ्याचे म्हणणे. 'कोयना धरणाच्या बुडीत क्षेत्रालगत' असे लिहिले तर ते अर्जदार धरणग्रस्त असल्यासारखे वाटते, आणि आम्ही ते नव्हतो. 'फुगवटा' लिहिले तर अर्ज पाटबंधारे खात्याकडे जाईल, असे बाई म्हणाल्या. हे विनोदाने म्हटले गेले, पण त्यात बरेच तथ्य होते. एका पाण्याला चार नावे असली, की चार खाती असतात आणि अर्ज एकाच खात्याकडे जातो.

शेवटी आम्ही सूचना तीनच पाठवल्या. एक, काठावरच्या प्रत्येक धक्क्यावर, बोटींचे दरपत्रक असते तेथे, समोरच्या पाण्याखालच्या गावांची नावे आणि ती आज कोठे वसली आहेत त्या ठिकाणांची नावे लिहावीत. दोन, नव्या आराखड्यात बोटी आणि तराफे चालवण्याचा पहिला हक्क काठच्या गावांच्या संस्थांचा असावा. तीन, गाळपेरीच्या पट्ट्यात तंबूंना परवानगी देऊ नये. या तिसऱ्या सूचनेबद्दल आमच्यात एकमत झाले याचे आम्हांलाच आश्चर्य वाटले. पहिल्या वाक्यात आम्ही काय लिहिले? 'कोयना नदीच्या दोन्ही काठांवरील गावांच्या संदर्भात.' नदीपल्याड लेक दिलेल्या त्या आजींचा शब्द घेतला. तो कायद्याच्या दृष्टीने चालतो की नाही हे पाहायचे आहे. अद्याप पोच आलेली नाही.

दरम्यान यंदाची सहल नोव्हेंबराऐवजी मेअखेरीस न्यावी अशी विद्यार्थ्यांचीच मागणी आली. परीक्षा संपलेल्या असतील, ऊन कडक असेल, पाणी खाली गेलेले असेल आणि फोटोला काही नसेल, हे सर्व सांगून झाले. तरी नऊ नावे आली, शिवाय त्या मुलाचे वडील. नावाड्याला फोन केला. "शेवटच्या आठवड्यात या," तो म्हणाला. "त्येच्या आदी दिसायचं न्हाई, आन् पाऊस आला तर मग काय खरं न्हाई. बोट काठाला लागणार न्हाई, दीडदोनशे पावलं गाळातनं चालाय लागंल. जुन्या चपला घाला."

मुलाने मग एक अडचण सांगितली. आजीलाही यायचे आहे. ती लग्न होऊन ज्या घरात आली ते घर तेथलेच, आणि तिचे वय चौऱ्याऐंशी आहे. आता गाळातून तिला कसे न्यायचे, हे विचारायला आम्ही पुन्हा फोन लावला.

"खुर्ची आणा सर," नावाडी म्हणाला. "प्लास्टिकची. चारजण उचलत्याल."